पुसा की, जावई

"आई, पुसू का?" राजसने हॉलमधून विचारलं.

"पुसा की, जावई. पुसाला काय पैसं लागतान?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. पदराला हात कोरडे करत ती बाहेर आली, सोफ्यावर बसली आणि जावयाच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी तिनेच म्हटलं, "काय पुसाचा हाय? पुसा ना."

"झालं पुसून," राजस म्हणाला.

आमच्या आगरी घरात पुसणं म्हणजे विचारणं. माझा नवरा लग्न झाल्यापासून सुकापूरला माझ्या माहेरी मटण-भाकरी हाणतो आहे, पण एवढा एक शब्द त्याच्या कानात शिरला नव्हता.

आई आमच्या नवीन पनवेलच्या फ्लॅटवर आली होती ती बाबांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली डिस्क पिशवीत घालून. डिस्कवर माझ्या आजीचे, कमळाबाईचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी होती, बाबांनी ती जिवंत असतानाच रेकॉर्ड करून ठेवलेली. आमच्यात लग्न चालवते ती धवलारीण. हळदीपासून एकेक विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतो. आजी गेल्यावर लोक आईला बोलावू लागले, पण आजीचं सगळं काही आईच्या तोंडी बसलं नव्हतं. अडलं की ती आजीला ऐकायची. आता आईच्या भाचीचं, समृद्धीचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि हळदीचा मोठा धवला आईला अर्धाच येत होता.

राजसने नुकताच एक डबा आणला होता. घरच्या वाय-फायला जोडायचा, आत दोन डिस्क बसवायच्या. एकीवर जे जाईल तेच दुसरीवर, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. "आता या घरातलं काहीही हरवणार नाही," असं तो येईल त्याला ऐकवत होता. म्हणून तर आई म्हणाली होती, "ही पन तुमच्या डब्यान टाका." तिला आजीची गाणी टाकायची होती. ह्याने दुसरी डिस्क म्हणून तीच बसवली. सगळं जाईल, अशी ताकीद डब्याने दिली, तेव्हा ह्याने आईला हाक मारली. मी बाजारातून येईपर्यंत नव्या डिस्कचं जुनीवर लिहिणं चालू होतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "एकदा डिस्क उघडून तरी बघायची होतीस!"

"मी विचारलं होतं ना, अंकिता. त्या हो म्हणाल्या. आणि असल्या गोष्टींचा बॅकअप ठेवायला नको?"

म्हणजे चूक पुन्हा आईचीच! अति शहाणा त्याचा बैल रिकामा. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क तपासून मान हलवली. वर नवीन लिहिलं गेलंय, काही येणार नाही. आई म्हणाली, "जावयाला कसा बोलू?" एवढंच. त्याचा मला जास्त राग आला. सासूने जावयाला बोलायचं नाही हा नियम कुणी केला कोण जाणे.

चार दिवसांनी राजसला तोडगा सुचला. "हळदीला आईंचंच रेकॉर्ड करू. या वेळी दोन कॉपी."

"आणि आजी? तिची कुठून आणणार कॉपी?"

त्याने फोन चार्जिंगला लावला. समृद्धीच्या गावी, आपट्याला, हळदीच्या मांडवात तो फोन घेऊन सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसला.

आईने मोठा धवला उचलला. आवाज छान लागला होता, बायका मागून ओळ धरत होत्या. अर्ध्यावर ती थांबली. बायकांना वाटलं विसरली. कुणीतरी म्हणालं, "लाव गं कायतरी आपला, कोनाला कलताय?"

"नाय. हितून फुरं सासूचा हाय," आई म्हणाली. "मना येत नाय."

राजस पुढे झुकून हळूच म्हणाला, "आई, बंद करू का? पुढचं सुरू झालं की परत लावतो."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. "चालूच ठेवा, जावई. जेवरा गेला तेवरा यान येव द्या."

मग उरलेल्या धवल्याला लागला असता तेवढा वेळ ती मांडीवर हात ठेवून गप्प बसली. पाटावरची समृद्धी ओल्या हळदीने तशीच बसून राहिली. फोन खाली ठेवायची राजसची छाती झाली नाही.