गेंडेमामांचा सत्कार

"सत्कार तुमचाच आहे हो काका, फक्त तुम्ही टेबलाखाली असाल," कार्यक्रमप्रमुख म्हणाला.

हे त्याने इतक्या गोड आवाजात सांगितलं, की काकांना आधी त्याचे आभारच मानावेसे वाटले. मग अर्थ डोक्यात शिरला.

"म्हणजे स्टेजवर कोण?"

"गेंडेमामा."

"आणि गेंडेमामांच्या पोटात कोण?"

"तुम्ही. म्हणून तर म्हटलं, तुमचाच!"

गेंडेमामा म्हणजे स्पंजचा, राखाडी, एका शिंगाचा बाहुला. टीव्हीवर तो रोज संध्याकाळी मुलांना शहाणपण शिकवायचा. त्याच्या डोक्यात काकांचा उजवा हात, पंजाला जोडलेल्या काडीवर डावा आणि घशात काकांचाच घोगरा, लाडिक आवाज. एवढी जागा व्यापूनही काका स्वतः कुठेच नव्हते. उभी हयात त्यांनी टेबलाखाली उताणं पडून, छातीवरच्या छोट्या मॉनिटरवर गेंडा बघत काढली. त्यात मान गेली, खांदा आखडला. मध्यंतरी गेंड्याचे कान नवे बसवले, वाहिनीच्या खर्चाने. काकांच्या खांद्याला वाहिनीने साधं तेलही लावलं नाही.

उद्यापासून गेंडेमामांना संगणक हलवणार होता, आणि बोलणारही तोच. त्यावर काकांनी ब्रसुद्धा काढला नव्हता. त्यांना फक्त एकदा वर यायचं होतं.

कारण तिसऱ्या रांगेत ताई बसली होती. आईच्या मागे त्यांना वाढवलं ते या थोरल्या बहिणीने. "माझा भाऊ टीव्हीवर असतो," असं ती अख्ख्या इमारतीला सांगत आली होती आणि शेजारीण दर वेळी "अय्या, मला कसा नाही दिसला कधी?" असं विचारत आली होती. आज ताईने शेजारणीला हाताला धरून आणलं होतं.

"माझ्या बहिणीने शेजारणीला काय सांगायचं?" काका तडकले. "टेबलाखाली काळोख दिसतोय ना, तो माझा भाऊ?"

"काका, मुलांना गेंडेमामा खरे वाटतात. तुम्ही दिसलात तर त्यांची मनं मोडतील."

"मी खोटा आहे का मग?"

प्रमुखाने घड्याळ पाहिलं. या वाहिनीत गेंड्याची कातडी नेमकी कोणाची, हे काकांना कधीचंच ठाऊक होतं. बाहुला तर बिचारा स्पंजचा.

काका टेबलाखाली गेले. प्रमुख पाहुण्यांनी भाषण केलं, गेंड्याच्या पुढ्यात चषक ठेवला आणि त्याचा पंजा हलवला. आता गेंडेमामांनी आभार मानायचे होते. काकांनी टेबलाला आतून चिकटवलेला कागद वाचायला घेतला. त्यात कार्यक्रमप्रमुखाचे आभार होते, जाहिरात देणाऱ्या बिस्किटवाल्यांचे होते, झालंच तर पडदा ओढणाऱ्या मोटारीचेही होते. पडदा ओढणाऱ्या मोटारीपाशी काका थांबले. पुढे कागद कोरा होता.

लोकांसमोर बाहुल्यातून हात काढायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. माणसाला खोकला आला तर बाहुल्यानेही खोकायचं, पण पडायचं नाही.

काकांनी हात काढला.

गेंडेमामा तोंडघशी चषकावर आपटले.

"अरे, मामांना चक्कर आली!" म्हणत प्रमुख पाहुणे खुर्चीतून उठून धावले. कोणी पाणी आणलं, कोणी पंखा वळवला. एकाने तर डॉक्टरला फोन लावला. पलीकडून पेशंटचं वय विचारलं असावं, कारण तो गोंधळून प्रमुखाकडे बघायला लागला.

टेबलाचं कापड सारून काका गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. सुरक्षारक्षकाने त्यांना अडवलं.

"ओ काका, गर्दी नका करू. मामांना जरा हवा लागू द्या."

तेवढ्यात प्रमुखाने त्यांना गाठलं. "काका, खाली जा!" तो दातओठ खात कुजबुजला. "दोनच वाक्यं बोला. लाइव्ह चाललंय, प्लीज!"

"संगणकाला सांगा ना. त्याला उद्यापर्यंत कशाला ताटकळत ठेवता?"

हे काका स्वतःच्या आवाजात बोलले. तो आवाज प्रमुखाने आज पहिल्यांदाच नीट ऐकला. साधाच होता, किराणा दुकानात सुटे पैसे मागताना ऐकू येतो तसला.

प्रमुख पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. काका तिच्याकडे चालत गेले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि बसले.

तिसऱ्या रांगेत शेजारीण ताईकडे झुकली.

"यात तुमचा भाऊ कोणता हो?"

"तो बघा. बसलाय तो."

"करतोय काय तो तिथे?"

"दिसतोय," ताई म्हणाली.

स्टेजवर काकांचा उजवा हात सवयीने हळूहळू वर जायला लागला होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरला, खाली आणला आणि मांडीवर ठेवून दिला.