तोटी, बूच आणि रजनीबाई

मी विनायकराव पाग्यांची मोटारसायकल बोलतेय. उज्जैनमध्ये त्यांना सगळे ढोरांचे डॉक्टर म्हणतात, म्हणून मलाही ढोरांच्या डॉक्टरांची फटफटी म्हणतात. मला त्याचा राग नाही.

जन्म माझा विलायतेतला, लढाईच्या धामधुमीतला. लढाई संपली आणि महूच्या छावणीतल्या लिलावात विनायकरावांनी मला घेतलं. तेव्हा ते ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत होते. मग स्वातंत्र्य आलं, दरबार गेला, मध्यभारत राज्य आलं. माझ्या पाटीवरची अक्षरं पुसून नवी रंगवली, एवढाच मला फरक. आमचा रस्ता तोच राहिला. भैरवगढापलीकडची गावं, औषधांची पेटी मागे बांधलेली, आणि कुठेतरी अडलेली गाय.

छप्पनच्या नोव्हेंबरात मात्र फरक पडला. मध्यभारतही संपलं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्याबरोबर विनायकरावांची बदलीही. गाईम्हशी सुटल्या, हातात फायली आल्या. त्यांच्या पत्नी रजनीबाई इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. घरात म्हाताऱ्या सासूबाई, अंबिकाकाकू. त्या म्हणाल्या, "मी शिप्रेचा काठ सोडून कुठ्ठे येणार नाही." म्हणून बाई इथे राहिल्या, डॉक्टर तिकडे गेले. मी ओसरीच्या कोपऱ्यात खडी राहिले. सव्वा वर्ष.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत एका शनिवारी डॉक्टर अचानक आले. चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड!

"अगं, इकडच्या गावांच्या फेरीची जागा निघालीये. सोमवारी इथल्या दफ्तरात हजर व्हायचं. अट एकच, स्वतःचं चालू वाहन पाहिजे."

त्यांनी लगेच माझ्या टाकीत पेट्रोल ओतलं. तासाभरात माझ्याखाली थारोळं साचलं आणि घरभर वास सुटला. अंबिकाकाकू चुलीपासून ओरडल्या, "अरे विनायक, घर जाळतोस का?"

शिवलाल मिस्त्रीला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं. टाकीच्या मागच्या टोकाला थेंब लटकत होता. "डॉक्टरसाब, टंकी सड़ गई. नई मिलेगी नहीं. कबाड़ी को दे दो."

डॉक्टर पायरीवर मट्कन बसले. मला तर बोलताही येईना. माझी टाकी शाबूत आहे, हे मला ठाऊक होतं. पण विचारतो कोण?

रजनीबाईंनी विचारलं. शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, हातावर खडूची पूड तशीच. "टाकी गळते हे पाहिलंत, की वाटतंय?"

"थेंब तिथेच दिसतोय ना!"

"थेंब पडतो तिथूनच निघतो असं थोडंच आहे? उद्या पाहू. आधी पेट्रोल काढून घ्या आणि गाडी अंगणात न्या, चुलीपासून लांब."

रविवारी सकाळी मला उन्हात उभं केलं. बाईंनी मला जुन्या लुगड्याच्या तुकड्याने कोरडं ठक्क पुसलं. मग खडू कुटून त्याची पूड टाकीच्या सांध्यावर, पेट्रोल सोडायच्या तोटीवर, नळीवर, खालच्या कार्बोरेटरवर भुरभुरली. मी पांढरीफटक झाले. थोडंसं पेट्रोल घातलं आणि त्या समोर बसून राहिल्या. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. डॉक्टर तीनदा उठले, बाईंनी त्यांना तीनदा खाली बसवलं. इतकं धीराने माझ्याकडे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं.

"हे बघा!"

सांध्यावरची पूड कोरडी होती. ओली झाली होती ती तोटीभोवतीची. थेंब तिथून निघून टाकीच्या पोटाखालून मागे सरकत होता आणि टोकाला जाऊन पडत होता.

तोटी उघडली. पेट्रोल अडवणारं आतलं बूच सव्वा वर्षात सुकून आक्रसलं होतं. बाईंनी ते स्वयंपाकघरात नेऊन उकळत्या पाण्यात टाकलं. थोड्या वेळाने ते फुगून टपोरं झालं. परत बसवलं, टाकी भरली. एक थेंब नाही! डॉक्टर हसले. मला सुरू करायला त्यांनी तोटी उघडली आणि कार्बोरेटरमधून धार लागली.

"जाऊ दे गं," ते हळूच म्हणाले. "मी रात्रीच्या गाडीने भोपाळला जातो."

बाईंनी आधी तोटी बंद केली. "तोटी बंद असेपर्यंत कोरडं होतं. म्हणजे आपण लावलेलं बूच ठीक आहे. हे दुसरंच आहे. दोन दुखणी होती, एक बरं झालं. जनावराला तुम्ही असं अर्ध्यात सोडता का हो?"

डॉक्टरांनी पाना उचलला.

कार्बोरेटरच्या वाटीत एक पितळी डबी तरंगते. वाटी भरली की ती वर येऊन पेट्रोल थांबवते. बाईंनी डबी कानाशी हलवली. आत खळखळ. गरम पाण्याच्या भांड्यात बुडवली, तर कडेने बारीक बुडबुडे निघाले. सुईच्या टोकाएवढं छिद्र! डबीत पेट्रोल शिरून ती जड झाली होती आणि बुडत होती.

डबी घेऊन दोघं बाजारात नंदराम ठठेऱ्याकडे, तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्याकडे गेले. तिथे काय झालं ते मी नंतर ऐकलं. बाईंनी त्याला बजावलं, "पहले इसका पेट खाली होने दो, फिर आग के पास लाना." गरम पाण्यात पुन्हा पुन्हा ठेवून आतलं सगळं पेट्रोल उडू दिलं. मग नंदरामने छिद्रावर राईएवढाच कथलाचा डाग दिला. जास्त दिला असता, तर डबी वजनानेच बुडाली असती.

संध्याकाळी तोटी उघडली. सगळे वाकून पाहत होते, अंबिकाकाकूसुद्धा. कोरडं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोरडंच. डॉक्टरांनी लाथ मारली आणि मी सव्वा वर्षांनी धडधडले. आवाज ऐकून शिवलाल आला. माझ्या टाकीवरून हात फिरवत म्हणाला, "बाईसाब, मैं तो बूँद ही देखता रह गया."

सोमवारी डॉक्टर हजर झाले. मंगळवारी आम्ही भैरवगढ ओलांडलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. डॉक्टर रात्री घरी जेवतात. खातं त्यांना जीप देणार आहे, असं ऐकते. मग मला विकतील. विका, माझी तक्रार नाही. एवढंच करा, ज्याच्या हाती मला द्याल, त्याला आधी एक दुपार रजनीबाईंशेजारी बसवा.