धुतलेले हात

ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन त्याने मुठीत घट्ट धरलं होतं, पण त्याची टोपी काही केल्या निघेना.

"अरे, ओढ ना जोरात!" फोनवर अँब्युलन्सला पत्ता सांगता सांगता बायको ओरडली.

समोर फरशीवर त्यांची सात वर्षांची बिट्टी भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुजलेले, मानेवर लाल चट्टे, आणि श्वासाला शिट्टी. शेंगदाण्याचा कण पोटात गेला तर असं होतं, अशा वेळी काय करायचं, सगळं दोघांना तीन वर्षं तोंडपाठ होतं. पण प्रसंग आला की पाठांतर पळून जातं. टोपी निघाली तशी त्याने फ्रॉकवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन दाबलं. तीनपर्यंत मोजायचं होतं. तो मोजतच राहिला. शेवटी बायकोनेच त्याचा हात बाजूला केला.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत शिट्टी थांबली होती. तरी रात्रभर ठेवून घेऊ, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोटात काय गेलं होतं हिच्या?"

बिट्टीने बापाकडे पाहिलं आणि घाईघाईने सांगून टाकलं, "शाळेत. एकीच्या डब्यातलं खाल्लं."

"कोणाच्या?" आई ताडकन उठली. "शाळेच्या बाईंना आत्ताच्या आत्ता फोन लावते!"

त्याने मनात हिशेब केला. शाळा सुटून चार तास झाले होते. पोरगी संध्याकाळी धडधाकट खेळत होती.

तो बिस्किटांच्या कारखान्यात चव पाहायच्या कामावर होता. सगळे त्याला 'जिभेवाले' म्हणत. लेकीपायी त्याने कामाचे कपडे कधी घरात आणले नाहीत. तिथेच अंघोळ करायची, चपला दाराबाहेर, आणि हात कोपरापर्यंत तीनदा धुवायचे. त्याचं हे सोवळं पाहून शेजारी हसायचे. शेंगदाण्याची बिस्किटं एरवी सकाळी निघत. आज भट्टी बिघडली म्हणून ती संध्याकाळी निघाली, त्याने चार तुकडे चाखले आणि अंघोळ करून लगेच घरी आला. हात धुतले. मग लेकीचा पापा घेतला. तिने हसत मान वळवली आणि तो गालाऐवजी ओठांवरच बसला. जीभ हे त्याच्या कामाचं हत्यार. तेही धुवायला हवं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. कुणातरी पोरीच्या डब्यावर बिल फाटलं असतं. आणि पुन्हा कधी असंच झालं तर?

"डब्याचं काही नाही," तो म्हणाला. "मी पापा घेतला. निघताना शेंगदाण्याचं बिस्किट चाखलं होतं."

बायकोचा फोन कानापर्यंत जाता जाता राहिला.

"नुसती चूळ भरून भागत नाही," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मधे काही तास जायला हवेत, दुसरं काही खाल्लेलं हवं. तोवर पापा नाही." आणि त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

तो मागे सरकत सरकत दारापाशी जाऊन उभा राहिला. आपल्या अंगालाच आता तो भीत होता.

"खोटं का बोललीस गं?" बायकोने लेकीला विचारलं. "तुला माहीत होतं?"

"पापा घेतल्या घेतल्या खाजलं." बिट्टीचे सुजरे ओठ थरथरायला लागले. "पण मला चालत नाही ते सगळं तू घराबाहेर काढतेस ना?"

"हो. काढावंच लागतं."

"मग मी बाबाचं नाव कसं सांगू?"

बायको दारापाशी गेली, नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला पलंगाजवळ आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.