पालथी दवंडी

"'थोर लोकसेवक' हे दोन शब्द विसरू नकोस," हेडक्लार्क दांडेकर म्हणाले. "आणि सडकेला त्यांचं नाव देणार, हे अगदी शेवटी. सावकाश सांग. घाईत निम्मं गिळतोस तू."

भिवानं मान डोलावली. डफ काखेत होता आणि बोटं आपोआप त्याच्या कातड्यावर टकटकत होती. दांडेकरांनी डोळे वटारले तशी ती थांबली, मग पायाचा अंगठा फरशी उकरू लागला.

नगरपालिकेचे माजी अध्यक्ष बापूसाहेब पहाटे वारले होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं कचेरीत सकाळपासून चाललं होतं. अर्थात बापूसाहेबांची म्हैस अगदीच भाकड नव्हती. त्यांनी गावात नळ आणला, मुलींची शाळा काढली, देवीच्या साथीत स्वतः वस्त्यांतून फिरले. हे सगळं खरं होतं, आणि भिवानंच ते वेळोवेळी डफ वाजवून गावाला सांगितलं होतं. त्याला डाचत होतं ते वेगळंच.

"साहेब, ती मिठागराची दवंडी..."

"पुन्हा तेच?"

"आता परत घेऊ का? बापूसाहेब तर गेले."

"अरे, चिता पेटायची आहे अजून त्यांची. अध्यक्षांनी लोकांना फसवलं, असं नगरपालिकेनंच ओरडून सांगायचं? तेही आज? नोकरी नकोशी झाली आहे का तुला?"

भिवा डफ सावरत पायऱ्या उतरला.

स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कल्याणकडे जाणारी नवी सडक खाडीपाड्याच्या मिठागरांवरून न्यायचं ठरलं. पाड्यावरची माणसं हटेनात. तेव्हा बापूसाहेबांनी भिवाला पाठवलं, कारण भिवा पाड्याचाच. मीठ ओढायचं सोडून तो नगरपालिकेत शिपाई म्हणून चिकटला होता, आणि आवाज खडा म्हणून दवंडी त्याच्या गळ्यात पडली होती. मिठागरं सोडा, खाडीपलीकडं नवी बांधून मिळतील, असं तो ओरडला. आपल्या माणसाच्या तोंडचा शब्द म्हणून लोकांनी मुकाट बांध फोडू दिले. सडक झाली. त्या सडकेच्या जोरावर बापूसाहेब पुढची निवडणूक जिंकले, आणि पाड्याच्या तोंडाला पानं पुसली गेली.

तिथंच गोष्ट संपायची, पण गावात दवंडीचा एक रिवाज होता. हरवलेली गाय सापडली, बाजाराचा वार बदलला, की दवंडीवाल्यानं डफ उलटा धरायचा, काठावर थाप मारायची आणि जिथं जिथं ओरडला तिथं तिथं जाऊन शब्द परत घ्यायचा. तिला पालथी दवंडी म्हणत. दवंडी पालथी पडली नाही तोवर ती जिवंत. शहाण्या माणसानं एवढ्यावर विसंबून राहू नये हे खरं, पण भिवाचा मेव्हणा गोविंदा शहाणा नव्हता, विश्वासू होता. दर दिवाळीनंतर तो मीठ ओढायचं लाकडी फावडं खाली काढी, त्याला तेल पाजी आणि पुन्हा खुंटीला लावी. दुसरं काम म्हणून धरीना. लोकांच्या शेतात राबून घर चालवीत होती ती त्याची बायको गोदा. भिवाची ही धाकटी बहीण. तिनं भावाला भाऊबीजेला ओवाळणं कधीच बंद केलं होतं.

भिवानं गाव पालथं घातलं. बामणआळीत माणसं ओटीवर येऊन हात जोडून ऐकत राहिली, बाजारात दुकानांच्या फळ्या लागल्या. खाडीपाडा त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला होता. सडक ओलांडून खाली उतरताना त्याला दोनदा उगाच मागे वळावंसं वाटलं.

पाड्याच्या तोंडाशी नळावर बायका होत्या. त्यानं थाप मारली. थोर लोकसेवक, शोकसभा, सडकेला नाव, सगळं सावकाश सांगितलं. जवळचं माणूस गेल्याची खबर आली की पाड्यावर हातातलं काम टाकून, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी घेतात. बापूसाहेबांसाठी कुणी उठलं नाही.

"पानी दिलान नि मीठ नेलान," म्हातारी हौसाबाई म्हणाली आणि तिनं हंडा नळाखाली सरकवला. "बाकी मानूस वाईट नव्हता."

गोदा दारात येऊन उभी होती.

"कनच्या सडकेला नाव देतान?" तिनं विचारलं.

भिवानं सडकेकडं नुसती मान वळवली.

"दादूस, मी तुझ्याकडं कंदी काय मांगला नाय. आज मांगतंय. पालथी घाल ती दवंडी."

"हुकूम नाय, गोदे."

"कल्याणला वखारीत हमालाची जागा हाय. उद्या ये बोललान. ह्यो नाय जायाचा. मी सांगून दमली. तो मानसाचा नाय ऐकत, डफाचा ऐकल."

"माझी नोकरी जाईल."

"तवा हुकूम होता म्हनून सांगलास. आमचा गेला त्याचा काय?"

घरातून भिंतीला टेकून बसलेल्या गोविंदाचे पाय तेवढे दिसत होते. भिवाला एकदम बापूसाहेबांचा राग आला. ते जिवंत असताना असा राग त्याला कधी आला नव्हता. मिठागरं मिळायची नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं एकदा तरी बोलायला हवं होतं. दुसऱ्याच्या आवाजात वचन द्यायचं आणि नाव मात्र आपलं लावून घ्यायचं, ही कसली सेवा, असं त्याला वाटलं आणि त्याच्या हाताची चुळबुळ थांबली.

त्यानं डफ उलटा धरला. काठावर थाप मारली. कोरडा, लाकडी आवाज निघाला.

"ऐका हो ऐका. खाडीपलीकडं नवी मिठागरं मिळतील ही दवंडी खोटी. मिठागरं मिळायची नाहीत. कुणी वाट बघू नये हो..."

हौसाबाईचा हंडा भरून वाहू लागला, तरी तिनं तो उचलला नाही. गोविंदा हळूहळू बाहेर आला.

"पालथी?"

"पालथी."

"कचेरी सांगते, की तू?"

"मी. दवंडी मीच दिलेली, मीच घेतंय."

गोविंदानं सडकेकडं पाहिलं. तिच्याखाली त्याचं मिठागर नेमकं कुठं होतं, ते त्याला अजून पाठ असणार. मग तो उतारावरून नळापाशी आला. हौसाबाईनं हंडा बाजूला ओढला. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि बाकीच्या बायकांनीही आपापली भांडी मागं घेतली.

गोविंदा धोतर-बंडीसकट नळाखाली बसला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर पाणी घेऊ लागला.