आकडा रेषेच्या वर

थोरल्याने फळी दोन्ही हातांनी उचलली आणि धाकट्याच्या डोक्यात घातली. फळी मोडली. धाकटा भुशाच्या ढिगात तोंडघशी पडला. कानामागून वाहणारं रक्त भुसा पिऊ लागला.

भांडण एका खिळ्यावरून झालं होतं. बापलेकांच्या वखारीत पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळया चिरायला येत. त्यांत खिळे अडकलेले असतात. म्हणून तुळई करवतीवर चढवण्याआधी तिच्यावरून लोखंड शोधणारं एक हातयंत्र फिरवायचं. ते वाजलं की तुळई बाजूला घ्यायची आणि छिन्नीने उकरून बघायचं. कधी खिळा निघतो, कधी तारेचा तुकडा, कधी काहीच नाही. सगळे त्या यंत्राला किरकिऱ्या म्हणत.

"हा कशावरही किरकिरतो," असं म्हणत थोरल्याने आज वाजलेली तुळई तशीच पुढे ढकलली. आतल्या खिळ्यावर करवतीचं पातं तुटलं आणि त्याच्या तुकड्याने एका कामगाराचा गाल उभा फाडला. धाकटा सगळ्यांदेखत ओरडला, "दादा, अक्कल गहाण टाकलीस का? माणूस मारशील एक दिवस!" त्यावर थोरल्याचं उत्तर म्हणजे ती फळी.

मग थोरल्यानेच भावाला टेम्पोत घातलं आणि इस्पितळात आणलं. वाटेत धाकटा शुद्धीवर आला, ओकला आणि विचारू लागला, "मला काय झालं?" थोरला गाडी चालवत रडत होता.

तातडीच्या विभागात धाकट्याचे दोन मेहुणे आधीच पोचले होते. मोठ्याला सगळे पैलवान म्हणत. त्याने थोरल्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आपटलं.

"भाऊजींना काही झालं तर तुझे हे हात ठेवणार नाही जागेवर!"

"तू कोण रे मला विचारणारा? माझा भाऊ आहे तो!" थोरल्याने डोक्याने धडक दिली. पैलवानाचं नाक फुटलं. दोघा भावांचे वडील आप्पा मधे पडले, त्यांचा चष्मा कुणाच्या तरी बुटाखाली चुरडला.

"मारामारी बाहेर करा!" डॉक्टरीणबाई पडद्याआडून ओरडल्या. "माझ्याकडे खाटा आधीच कमी आहेत."

मग त्यांनी आप्पांना जवळ बोलावून नीट समजावलं. "मुलगा बोलतोय, हातपाय हलवतोय. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाचा सीटी स्कॅन काढायची गरज नसते. म्हणून आधी रक्त बघू. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात. ती ठरलेल्या रेषेच्या खाली असली तर सीटी लागणार नाही. वर असली तर काढायचा."

आप्पांनी मान डोलावली, पण त्यांचं अर्धं लक्ष पैलवानाकडे होतं. तो नाकाचं रक्त बाहीला पुसत पुन्हा थोरल्याकडे निघाला होता. त्याला कसं थांबवायचं ते आप्पांना सुचेना. जे हाताशी सापडलं ते त्यांनी पुढे केलं.

"थांब! रक्त तपासतायत. त्यात काही निघालं तर तुम्ही म्हणाल ते. माझा शब्द."

पैलवान थांबला. "शब्द?"

"शब्द."

थोरला मान खाली घालून बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला. धाकटा मेहुणा त्याच्यावर पहारा करायला गेला.

पडद्याआड डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला विचारलं, "आज वार कुठला?"

"डोक्यावरचा."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही हो बाई, बाकी काही आठवतच नाही."

सिस्टरने रक्ताची नळी भरून घेतली. तपासणीचं यंत्र घुमत राहिलं. पैलवान दाराला खेटून उभा होता आणि आप्पा त्याच्याकडे बघत होते. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आकडा रेषेच्या वर आहे. चला, सीटीला नेऊ."

पैलवानाने पहिलं वाक्यच ऐकलं आणि तो बाहेर निघाला.

"अरे थांब, त्या म्हणतायत..." आप्पा मागे धावले.

"शब्द दिलाय तुम्ही, आप्पा!"

बाहेर थोरल्याने त्याला येताना पाहिलं आणि मुठी आवळल्या. "तुझ्या या नवरीसारख्या भावालाही घे सोबत," तो म्हणाला. धाकट्या मेहुण्याने त्याला मागून मिठी मारली, ती त्याने हिसडा देऊन सोडवली.

"निघालं रक्तात!" पैलवान ओरडला. "भाऊजींच्या रक्तात निघालं!"

थोरल्याचे हात आपोआप खाली आले. भाऊ संपला असंच त्याला वाटलं. पैलवानाने त्याचा उजवा हात टेम्पोच्या कठड्यावर आडवा धरला आणि मागचा उघडझाप होणारा लोखंडी फाळका त्यावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज आप्पांना दारापर्यंत ऐकू आला. पैलवानाने फाळका पुन्हा उचलून आदळला. थोरला कोसळताना त्याचं डोकं बंपरवर आपटलं. पडल्यावरही त्याच्या बरगड्यांत लाथा बसतच होत्या.

आप्पा त्याच्या अंगावर आडवे पडले तेव्हा त्या थांबल्या.

धाकट्याचा सीटी स्वच्छ निघाला. रक्तस्राव नाही, सूज नाही. पट्टी बांधून तो खाटेवर उठून बसला, तोवर शेजारच्या खाटेवर थोरल्याला आणलं होतं. त्याचा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळला होता.

"हे कुणी केलं?"

पैलवान म्हणाला, "तुमचा आकडा वर होता, भाऊजी."

"किरकिऱ्या वाजला म्हणून आपण तुळई जाळतो का?" धाकटा ओरडला आणि डोकं धरून मागे कलंडला. "उकरून बघायचं असतं ना आधी! आप्पा, तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

सिस्टर थोरल्याच्या चांगल्या हातातून रक्त घेत होती.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. थोरल्याला मारल्याची बातमी ऐकून वखारीतले कामगार आले होते, फळ्या घेऊन. गालाला टाके पडलेला कामगार सगळ्यांत पुढे होता. "कुठाय तो पैलवान?"

पैलवान भिंतीला टेकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आप्पा, याचा आकडा..."

"याचाही वर आहे," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "सीटी काढू."

आप्पा बाहेर गेले आणि दरवाजाच्या पायरीवर मधोमध बसले. चष्म्याशिवाय त्यांना समोरचे चेहरे नीट दिसत नव्हते, फक्त फळ्या दिसत होत्या.

"आप्पा, काय निघालं?"

"किरकिऱ्या वाजलाय. उकरून अजून बघितलेलं नाही."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर पोलिसांना बोलावीन. दोघांसाठी, पैलवानासाठी आणि फळी घालणाऱ्या माझ्या पोरासाठीही." आप्पांनी पाय पायरीवर आडवे पसरले. "पण आज कुणालाही शब्द देणार नाही. आत जायचं असेल तर माझ्यावरून जा."

टाक्यांच्या कामगाराने फळी पायरीवर ठेवली आणि आप्पांच्या शेजारी बसला. मागच्यांपैकी काहींनी फळ्या टाकल्या, काहींनी नाही. आत थोरल्याची खाट सीटीच्या खोलीकडे सरकत होती. तिच्या कडेला धरून धाकटा भेलकांडत चालला होता. "दादा, डोळे उघडे ठेव," असं तो एकसारखं म्हणत होता.