सातव्या गल्लीतला ऑस्ट्रेलिया

परदेशी जायचं म्हटल्यावर माणसं ज्योतिषाला विचारतात, देवाला कौल लावतात, नाहीतर मेव्हण्याशी भांडतात. गुरुप्रसाद घोरपडेनं यातलं काहीच केलं नाही. वारणानगरला एका कॉलेजात तो गणित शिकवायचा, म्हणून त्यानं प्रयोग करायचं ठरवलं. गणितात प्रयोग नसतात, हे त्याला त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

त्याची बायको अवंतिका कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाची नर्स. हाताला यश आणि तोंडाला फटकळ. दीड महिन्यापूर्वी तिला ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावाच्या दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलं होतं. नवरा आणि नऊ वर्षांची लेक ऋता बरोबर जाणार होते, आणि गुरुप्रसादची आई, म्हणजे अक्का, आधी काही महिन्यांच्या व्हिसावर, पुढचं पुढे. पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. अवंतिकानं एवढंच सांगितलं, “तुम्ही मनापासून हो म्हणालात तर जाऊ. ओढून न्यायला तुम्ही काय म्हैस नव्हे.”

घरच्यांना वाटायचं, गुरुप्रसाद सगळ्या बाजूंनी विचार करतोय. विचार कसला? त्याचं कधीच ठरलं होतं. त्याला जायचं नव्हतं. इथं वारणेच्या बसमध्ये चढला की तीन पोरं ‘सर, बसा’ म्हणून उठायची. तिकडं त्याची कागदपत्रं मान्य होईपर्यंत वर्षभर तरी तो घरी बसणार, आणि लोक त्याला ओळखणार ते अवंतिकाचा नवरा म्हणून. ही भीती तोंडानं बोलायची तर मिशीला कमीपणा. मग तो ‘संस्कृती’ म्हणायचा. “तिकडं माणूस माणसाला विचारत नाही. अक्काला कसं करमणार? आपल्या दारात माणसांचा राबता असतो. तिकडं फोन केल्याशिवाय कोणी कोणाकडे जात नाही.”

हे त्याला मुबशिरानं सांगितलं होतं. ती अवंतिकाची जुनी मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी नवऱ्या-मुलांसह तिकडे गेलेली. तिच्या फोनवरून गुरुप्रसादनं तिथल्या चालीरीती उतरवून घेतल्या आणि जाहीर केलं, आठ दिवस घरात ऑस्ट्रेलिया पाळायचा. मे महिना होता, कॉलेजला सुट्टी होती. धुण्याभांड्याच्या बाईंना पगारी रजा दिली. तिकडं अवंतिका कामावर जाणार, म्हणून घरकाम आणि स्वयंपाक त्याचा. आवाज हळू. सगळ्यांना नावानं हाक. आणि राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत त्यानं गेटला पाटी लावली, ‘येण्याआधी फोन करावा.’ चार दिवसांत घर रडकुंडीला येईल, प्रयोग फसेल आणि खापर ऑस्ट्रेलियावर फुटेल, असा त्याचा हिशेब होता. त्यातूनही काही राहिलं तर म्हणून त्यानं कोडोलीला गणपतराव मामांना गुपचूप फोन केला. मामा अक्काचे धाकटे भाऊ, पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान. “मामा, रविवारी या आणि आम्हाला चार शब्द समजावून सांगा,” असं त्यानं त्यांना सांगून ठेवलं.

पहिल्याच सकाळी ऋता म्हणाली, “गुरुप्रसाद, पाणी दे.”

त्याचे कान लाल झाले. अवंतिका हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. “अहो, तिकडंसुद्धा बापाला बापच म्हणतात. नीट विचारायचं तरी होतं मुबशिराला!”

दहा वाजता त्याचा फोन वाजला. कोपऱ्यावरचे केरबा, गिरणीतून निवृत्त झालेले.

“सर, मी केरबा. फोन केलाय.”

“बोला की.”

“आता दार उघडा. मी गेटातच हाय.”

“काय काम काढलंत?”

“पाटी का लावलीया ते इचारायला आलोय.”

संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले, अकराही गेटातून. घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे, अशी गल्लीत बातमी पसरली होती. आयकराची धाड पडली, असंही दोघांचं म्हणणं होतं. रोज तीन माणसं यायची त्या घरात त्या दिवशी चौदा आली, आणि सगळ्यांचा चहा गुरुप्रसादनं केला. शेवटच्या चहात त्यानं साखरेऐवजी मीठ टाकलं. केरबांनी तो चहा न बोलता संपवला, कारण घरात दुखणं आहे यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

मंगळवारी गल्लीला खुलासा झाला आणि येणं-जाणं थांबलं. आता अक्का कासावीस होणार म्हणून गुरुप्रसाद तिच्याकडे डोळे लावून बसला. दुपारी दोन वाजता अक्का बाहेर आली. तिनं पाटी वाचली, दाराला आतून कडी घातली आणि म्हणाली, “मी झोपतो.” साडेचारपर्यंत ती गाढ झोपली. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. तिसऱ्या दिवशी तर ती उठून गाणं गुणगुणत होती. गुरुप्रसादनं तिला जन्मात गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्याला आधी वाटलं रेडिओ लागलाय.

इकडं त्याचं स्वतःचं पिठलं मात्र सुधारत चाललं होतं. सोमवारी त्यात गोट्या झाल्या होत्या, मंगळवारी ते तळाला लागलं, बुधवारी ऋतानं तोंड वाकडं न करता खाल्लं. गुरुवारी अवंतिका ड्यूटीवरून आली आणि तिनं दोनदा वाढून घेतलं. गुरुप्रसादला मनातून आनंद झाला आणि त्या आनंदाचा रागही आला. प्रयोग फसवायचा तर पिठलं बिघडायला हवं होतं.

शेवटी त्या रात्रीच्या जेवणाला त्यानं मुद्दा काढला. “बघ अवंतिका, मला वाटलंच होतं. अक्का बोलत नाही, पण आतून गुदमरतेय. माणसांत राहिलेलं माणूस ते.”

“कोन गुदमरतंय?” अक्कानं विचारलं.

“तू, अक्का.”

“माझ्या नावावर पावती फाडू नगंस,” अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला, नियमबियम बाजूला राहिले. “बेचाळीस वर्सं झाली मला या घरात येऊन. सकाळी अकरा वाजता कदी म्हाईत नसायचं, आज किती ताटं वाढायची. तुझे वडील बाहेर सोप्यात बसून येनाऱ्याला म्हनायचे, जेवून जावा. शब्द त्यांचा, पीठ माझं! लोक म्हनायचे, काय घर हाय, काय संस्कृती हाय! संस्कृती कसली रं? माझं मनगट हुतं ते.”

ऋतानं पाण्याचा तांब्या अक्कापुढं सरकवला.

“मानसं मला नकोशी न्हाईत,” अक्का जरा खाली आली. “मानसं आवडत्यात मला. पर तीन दीस दुपारी झोपलो आनि कळलं, मी किती दमलोय. मी येतो तुमच्यासंगं. तुला भ्या वाटत असंल, तर तुझं म्हनून सांग. अवंतिकाला माझं नाव सांगू नगंस.”

गुरुप्रसादला वाटलं, उठून जावं. पण ताट वाढलेलं होतं आणि वाढणारा तोच होता, जाणार कुठं? त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, “वाटते भीती. मला तिकडं कोण ओळखणार? घरात बसलेला नवरा, भांडी घासणारा. इथं मी सर आहे.”

हे बोलायला त्याला दीड महिना लागला होता. अवंतिका हसली नाही. ती म्हणाली, “लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा मला तरी इथं कोण ओळखत होतं? तुम्हीच म्हणाला होता, होईल सवय. मी आठ महिने न्हाणीघरात रडायचे.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

त्या रात्री त्याला लवकर झोप आली नाही. पण सकाळी उठून तो अक्काकडे गेला आणि म्हणाला, “मला भाकरी शिकव.” अक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो वर्गात पहिला आलाय. शुक्रवारी त्याच्या भाकरी हातातच फाटल्या. शनिवारी तव्यापर्यंत पोचल्या, पण तिथं गेल्यावर रुसून बसल्या. “पानी गरम घे, आनि पीठ मळताना दया करू नगंस,” अक्का खुर्चीवरूनच सांगायची. ती खुर्चीवरून उठली नाही, हे त्यानं मानलं.

या सगळ्या गडबडीत कोडोलीला केलेला फोन तो साफ विसरला.

रविवारी साडेबाराला फोन वाजला. “गुरू, गणपतराव बोलतोय. पाटी वाचली, म्हनून फोन केला. दार उघड. सातजन हाय.”

गेटात जीप उभी होती. मामा, मामी, दोन मुलगे, दोन सुना आणि एक पाव्हणा, जो वाटेत सहज बसला होता. अवंतिकाची सकाळची ड्यूटी, ती अडीचपर्यंत यायची नव्हती. अक्का नुकतीच आडवी झाली होती.

“अक्का कुठाय?” मामांनी बैठक मारत विचारलं.

“झोपलीय.”

“बरं न्हाय?”

“चांगली आहे. झोपलीय.”

मामांच्या भुवया वर गेल्या. “मग जेवनाचं कसं? हाटेलातनं मागवनार व्हय? आनि म्हनं ऑस्ट्रेलियाला चाललाय!”

हे ताट गुरुप्रसादनं स्वतःच वाढून घेतलं होतं. मामा त्याच्याच बोलावण्यावरून त्याला अडवायला आले होते. आता हात जोडून ‘चुकलो’ म्हटलं असतं, तर हवं होतं ते सगळं आयतं पदरात पडलं असतं. जाणं रद्द, वर मामांचा आशीर्वाद. त्यानं मामांकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि बाह्या सारल्या.

“बसा मामा. मी करतो.”

सवयीनं मामी उठल्या, सुना उठल्या. “मामी, बसा,” तो म्हणाला, “पाव्हण्या आहात तुम्ही.” मामी अर्ध्या उठलेल्या तशाच राहिल्या. त्यांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

त्यानं मोठं पातेलं चढवलं. फोडणी चरचरली तेव्हा ऋता कांदे फोडत होती. एका मुलानं आत डोकावून बाहेर जाऊन खबर दिली, “खरंच करतोय!” हिरव्या मिरच्यांच्या खर्ड्याच्या ठसक्यानं सोप्यातली सातही माणसं खोकली. पहिली भाकरी फाटली. दुसरी जाड झाली. तिसरी बरी होती. चौथी तव्यावरून विस्तवावर टाकली आणि ती टम्म फुगली. गुरुप्रसाद असा ओरडला की ‘आवाज हळू’ हा नियम सातव्या गल्लीत तिथंच मेला.

“काय झालं रं?” मामा धावत आले.

“फुगली!”

त्या ओरड्यानं अक्का जागी होऊन बाहेर आली. केस नीट करत तिनं भावाला पाहिलं, तव्यापाशी उभ्या लेकाला पाहिलं. सवयीनं तिचा हात परातीकडे गेला आणि मधेच थांबला. मग ती सरळ सोप्यात गेली आणि पहिल्या पंगतीत गणपतरावांच्या शेजारी जाऊन बसली.

“अक्का, तू बसलीस व्हय?” मामा गडबडले. “वाढनार कोन?”

“मी,” गुरुप्रसाद म्हणाला.

त्यानं तिच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकली, वर पिठलं घातलं. अक्कानं घास मोडला, बोटं पोळली, तिनं फुंकर मारली आणि खाल्ला. “बेचाळीस वर्सांत आज पयल्यांदा गरम भाकरी पंगतीत बसून खातोय,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही, खर्ड्यावर ढकललंही नाही.

गणपतराव भाषण ठरवून आले होते. ते पिठल्यात कुठं गेलं कोण जाणे. त्यांनी बहिणीच्या ताटाकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या बायकोला म्हणाले, “उभी का? बस की तू बी.” मामी बसल्या. सुना बसल्या. वाटेत बसलेला पाव्हणा सरकला आणि त्यानं त्यांना जागा करून दिली.

“गुरू,” तिसऱ्या भाकरीला मामा म्हणाले, “मला बोलावलंस कशाला ते आता तूच सांग.”

“मला अडवायला बोलावलं होतं, मामा. मी भ्यालो होतो.” गुरुप्रसादनं भाकरी उलटवली. “आता अडवू नका. जातोय आम्ही.”

“तिकडं तुला सर कोन म्हननार?”

“नाही म्हटलं तर नाही. पण तिकडंही माझ्या घरी आलेला माणूस जेवूनच जाईल, आणि रांधणारा मी असेन. आजवर आपल्या घराचा मोठेपणा मी सांगत फिरलो. करत अक्का होती. आता मी करतो.”

मामांनी मान हलवली आणि ताट पुढं केलं. “भाकरी वाढ.”

पावणेतीनला अवंतिका आली, युनिफॉर्ममध्ये, दमलेली. सोप्यात आठ माणसं जेवत होती आणि तिचा नवरा पिठानं पांढरा झाला होता. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं तिला अक्काशेजारी बसवलं आणि ताट पुढं ठेवलं.

“काय चाललंय हे?”

“तिकडच्या दवाखान्याला कळव,” तो म्हणाला. “येतोय म्हणून.”

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे, तोंड, मिशी, सगळीकडे. कुठंही आढेवेढे दिसेनात. एरवी माणूस मरताना बघूनही न रडणारी ती बाई तिथं सगळ्यांसमोर रडली, आणि रडता रडता हसली. उजव्या हाताला पिठलं लागलेलं होतं, म्हणून तिनं डाव्या हातानं फोन काढला आणि एका बोटानं टाईप केलं. ऋता तिच्या खांद्यावरून वाचत होती.

“पाठवू?” अवंतिकानं विचारलं.

गुरुप्रसादनं मान हलवायच्या आतच गणपतराव ओरडले. गल्लीच्या टोकाला केरबांनाही ऐकू गेलं.

“पाठीव की गं पोरी!”