पंचेचाळिसावं लेकरू

राणीसावरगावाच्या पल्याड आमची वाडी. इथं भुजंगाचं पोरगं रडलं की येलदरीच्या धरणात मासे दचकून तळाला जायचे. खोटं वाटत असेल तर माशांना विचारा. पुढचं मात्र विचारायची गरज न्हाई.

वाडीतल्या साठ वाळक्या लेकरांना तीन वर्षं दुपारची खिचडी आन् अंडं मिळालं. पैसा मुंबईच्या शेटलोकांनी घातलेला. करार असा, की पंचेचाळीस लेकरं वजनात बसली तर सरकार शेटांना नफ्यासकट पैसे परत देणार आन् खिचडी पुढं चालू राहणार. एक जरी कमी भरलं तर शेट बुडाले, चूल बंद. चूल सांभाळायची राजेश्री. मोजणी एकाच दिवसाची, आन् तपासनिसानं स्वतः केलेलीच धरायची.

त्या दिवशी परभणीहून विवेक नावाचा तपासनीस काटा घेऊन आला. केंद्रात आली फक्त पंधरा काटकुळी लेकरं. भरलेली सगळी आयांनी घरात कोंडलेली. परक्या माणसापुढं गुबगुबीत लेकरू तोलायचं? नजर लागली म्हंजे?

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. "साहेब, काटा उचला. दारोदार जाऊ. लेकरू दिसलं की मोठ्यानं म्हणायचं, लय वाळलंय. मग वजन लिहा."

विवेक तयार झाला. भुजंगाचं पोरगं बसलं तेव्हा काटा माणसासारखा कण्हला, तरी हा म्हणाला, "अरेरे, नुसती हाडं!" आई खूश. ऊन कलेपर्यंत चव्वेचाळीस लेकरं भरली.

शेवटचं दार बायनाबाईचं.

"मावशी, दाखवा नात. साहेब दिवसभर वाईटच बोलायलेत," राजेश्री म्हणाली.

म्हातारीनं नात आणली. पोर हसली, गालाला खळी पडली. विवेकचा घसा सुकलेला, डोकं बधिर. तोंडातून निसटलं, "वा, काय गुटगुटीत आहे!"

पदर पोरीच्या डोक्यावर गेला. दार लागलं. आतून कडी.

"मावशी, साठ लेकरांची खिचडी हाय!"

"माझी एकच हाय," आतून आवाज आला.

दिवस मावळेपर्यंत राजेश्री उंबऱ्याशी बसून विनवत राहिली. मग विवेककडं वळली. "चव्वेचाळीस दारांत खोटं बोललात साहेब. आणखी एकदा बोलला असतात तर काय झिजलं असतं?"

त्यानं मान खाली घालून चव्वेचाळीस लिहिले. तिनं सही केली, आन् परत जाताना दारादारात सांगत गेली, "सोमवारपासून लेकरांना घरीच जेवू घाला बाई."